डायलिसिसला चार तास का लागतात, आणि तेवढ्या वेळात नेमकं होतं काय

एखाद्या प्रसिद्ध माणसाला डायलिसिसवर ठेवलंय अशी बातमी आली की लोक दोन गोष्टी हमखास बोलतात. एक म्हणजे "संपलं आता सगळं" आणि दुसरी म्हणजे "काही नाही हो, मशीनमधून रक्त साफ करतात, झालं की माणूस घरी". दोन्हीत थोडं थोडं खरं आहे आणि दोन्हीने गैरसमजच जास्त होतो. ज्यांच्या घरात कुणाला नुकतंच डायलिसिस सांगितलंय त्यांना तर वेगळेच प्रश्न पडलेले असतात. आठवड्यातून तीनदा कशाला, दर वेळी चार तास कशाला, एवढं भारी मशीन आहे तर तासाभरात का उरकत नाही, घरी आल्यावर माणूस असा गळून का पडतो, पाणी मोजून का प्यायचं, आणि एकदा सुरू केलं की हे सुटतच नाही हे खरं का?

यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं फिरून फिरून वेळेपाशीच येतात. म्हणून आधी किडनी, मग मशीन, मग ते चार तास, असं क्रमाने बघू.

किडनी फक्त लघवी बनवते असं समजू नका

दोन्ही किडन्यांतून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त जातं. प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात, त्यातून दिवसभरात जवळजवळ १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत शोषून घेतं, उरलेलं दीड-दोन लिटर म्हणजे लघवी. म्हणजे आधी जवळपास सगळंच बाहेर काढायचं आणि मग कामाचं तेवढं परत आत घ्यायचं अशी ही पद्धत आहे, आणि ती अखंड चालू असते, झोपेत पण.

याशिवाय रक्तातलं पोटॅशियम, सोडियम, आम्लाचं प्रमाण हे सगळं किडनी सांभाळते. रक्ताच्या लाल पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन ती तयार करते, व्हिटॅमिन डी ला कामाच्या रूपात आणते, बीपीवर लक्ष ठेवते. ही यादी लक्षात असू द्या कारण मशीन यातली काही कामं करतं आणि काही अजिबात करत नाही.

किडनी कायमची खराब होण्यामागे सगळ्यात जास्त वेळा डायबेटिस आणि वाढलेलं बीपी असतं. वर्षानुवर्षं हळूहळू होतं, दुखत नाही, म्हणून कळतही नाही. कळतं तेव्हा पाय सुजलेले असतात, जेवणावरची वासना उडालेली असते, मळमळतं, अंगाला खाज सुटते, जिना चढताना दम लागतो.

क्रिएटिनिन एवढं वाढलं म्हणजे लगेच डायलिसिस?

नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा कचरा आहे, तो स्वतः फारसा विषारी नाही, पण किडनी किती गाळतेय याचा अंदाज त्यावरून येतो म्हणून डॉक्टर तो बघतात. त्याच आकड्यावरून वय वगैरे धरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करतेय याचा अंदाज. तरुण निरोगी माणसात तो ९० ते १२० च्या आसपास असतो, १५ च्या खाली गेला की किडनी फेल झाली असं धरतात.

पण १५ च्या खाली गेला म्हणून लगेच मशीनला लावत नाहीत. २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या आयडियल नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात काही पेशंटचं डायलिसिस लवकर, म्हणजे किडनीचं काम १० ते १४ वर असतानाच सुरू करायचं ठरवलं आणि काहींना ५ ते ७ पर्यंत थांबायचं होतं, आणि लवकर सुरू करणारे जास्त जगले असं काही दिसलं नाही. थांबायला सांगितलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्रास व्हायला लागल्याने आधीच सुरू करावं लागलं ते वेगळं. त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी पेशंटला काय होतंय हे बघून ठरवतात. औषधांना न जुमानणारं पोटॅशियम, फुफ्फुसात साठलेलं पाणी, रक्तात वाढलेलं आम्ल, सतत उलट्या, गुंगी, असं काही असेल तर थांबून चालत नाही. ज्याला काहीच त्रास नाही आणि रिपोर्टही आटोक्यात आहेत त्याने नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्याला घाबरण्याऐवजी डॉक्टरांना सरळ विचारावं की थांबलो तर नेमका धोका कशाचा. हा प्रश्न विचारायला लोक उगाच बिचकतात.

मशीनमध्ये रक्त साफ होतं म्हणजे नक्की काय होतं

रंग जाणारा नवीन कपडा पाण्याच्या बादलीत टाका. कपड्यातला रंग हळूहळू पाण्यात उतरतो, पण पाणी पण रंगीत झालं की उतरायचा थांबतो. पाणी बदललं की पुन्हा उतरायला लागतो. डायलिसिसचं तत्त्व एवढंच आहे, जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे पदार्थ आपोआप जातात.

इथे रक्त आणि "बादलीतलं पाणी" यांच्यात एक पडदा असतो. मशीनच्या बाजूला अडकवलेली ती लांबट पारदर्शक नळी दिसते ना, तिला डायलायझर म्हणतात, सेंटरमध्ये सगळे नुसतं फिल्टर म्हणतात. तिच्यात दहा हजारांच्या वर बारीक पोकळ तंतू असतात, एकेकाची आतली पोकळी साधारण ०.२ मिलिमीटर. रक्त तंतूंच्या आतून वाहतं आणि बाहेरून उलट्या दिशेने डायलिसेट नावाचं पाणी वाहतं. उलट्या दिशेने अशासाठी की रक्ताला शेवटपर्यंत आपल्यापेक्षा स्वच्छ पाणी भेटत राहावं. तंतूंच्या भिंतींना इतकी बारीक छिद्रं असतात की युरिया (प्रोटीनपासून शरीरात तयार होणारा कचरा), क्रिएटिनिन, पोटॅशियम आरपार जातात पण रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आतच राहतात. हे सगळे तंतू उलगडून पसरले तर दीड ते अडीच चौरस मीटरचा पडदा होईल, म्हणजे एवढ्याशा नळीत तेवढी जागा कोंबलेली आहे.

डायलिसेट हे साधं पाणी नसतं. साध्या पाण्यात सगळंच उतरलं असतं, हवं ते पण. म्हणून त्यात सोडियम आणि कॅल्शियम रक्ताच्या जवळपास ठेवतात, पोटॅशियम कमी ठेवतात म्हणजे जादाचं पोटॅशियम रक्तातून निघून जातं, आणि बायकार्बोनेट जास्त ठेवतात म्हणजे ते उलटं रक्तात शिरतं आणि आम्ल कमी करतं. कुठल्या पेशंटला कितीचं पोटॅशियम लावायचं हे डॉक्टर ठरवतात, सगळ्यांना एकच नसतं.

एका वेळी शरीराबाहेर रक्त फार नसतं, नळ्या आणि फिल्टर मिळून पाव लिटरच्या आसपास. "सगळं रक्त बाहेर काढतात" ही भीती त्यामुळे काढून टाका. पण तेच रक्त फिरत राहतं, मिनिटाला ३०० मिली धरलं तर चार तासांत ७२ लिटर होतात, आणि अंगात रक्त असतं पाच लिटर, म्हणजे सगळं रक्त चौदा-पंधरा वेळा फिल्टरमधून जाऊन येतं. नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा कुठून रक्त जात असेल तर अगदी कमी देतात किंवा देतच नाहीत, म्हणून असं काही असलं तर आधी टेक्निशियनला सांगा.

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. डायलिसेट मिनिटाला ५०० मिली वाहतं, म्हणजे एका वेळी १२० लिटर आणि आठवड्याला ३६० लिटर पाण्याशी पेशंटच्या रक्ताचा संबंध येतो, मध्ये फक्त तो पातळ पडदा. आपण जे पितो ते आतड्यातून, लिव्हरमधून गाळून जातं, इथे तसं काही नाही. त्यामुळे पिण्यालायक पाणी इथे चालत नाही. आधी कार्बन फिल्टर, मग आरओ, असं करत पाणी शुद्ध करतात. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात शेवाळासारख्या जिवाणूंचं विष आलं आणि पन्नासहून जास्त पेशंट लिव्हर निकामी होऊन गेले. म्हणून सेंटर निवडताना एसी, टीव्ही, खुर्च्या बघण्याआधी पाण्याची तपासणी किती दिवसांनी होते ते विचारा. मला वाटतं हा एक प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जातो.

पाणी काढणं हे वेगळंच काम आहे

कचरा आपोआप उतरतो पण साठलेलं जादा पाणी तसं निघत नाही, ते ओढून काढावं लागतं. मशीन पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक करतं आणि पाणी रक्तातून बाहेर खेचतं. किती खेचायचं हे ड्राय वेटवरून ठरतं. ड्राय वेट म्हणजे अंगावर सूज नाही, दम नाही, बीपी ठीक, अशा वेळचं पेशंटचं वजन. ते ५८ किलो आहे आणि आज काटा ६१ दाखवतोय तर तीन लिटर जादा आहे. हे वजन कायमचं नसतं, माणूस जेवायला लागला आणि अंगात मांस भरलं की ते वाढवावं लागतं, आजारपणात खंगला की कमी करावं लागतं, आणि ते कमी करायचं राहून गेलं तर काटा बरोबर दाखवतोय आणि पेशंटला रात्री आडवं झोपता येत नाही असा प्रकार होतो.

आता गंमत अशी की पाणी निघतं रक्तातून, पण साठलेलं असतं सगळ्या अंगात. रक्तातलं काढलं की आजूबाजूच्या भागातून पाणी हळूहळू रक्तात येतं. काढायचा वेग येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात, बीपी धाडकन उतरतं, घाम फुटतो, जांभया येतात, पायात गोळे येतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी ताशी, दर किलो वजनामागे १३ मिलीच्या वर पाणी काढू नये असं धरतात. ६० किलोच्या माणसाला चार तासांत सव्वातीन लिटरच्याही आतच झालं ते. तीन लिटर असतील तर चार तासांत कसंबसं बसतं, तीन तासांत काढायचं म्हटलं तर तोच वेग साडेबारावरून साडेसोळाच्या पुढे जातो. आणि हे नुसतं तेवढ्यापुरतं गोळे येण्यावर भागत नाही, दर वेळी बीपी असं पडत राहिलं की हृदयाला रक्त कमी पडतं आणि वर्ष-दोन वर्षांत ते हृदय थकतं.

मग पाणी कमी प्या असं सांगतात, पण मला विचाराल तर आधी मीठ कमी करा असं सांगायला हवं. अंगात साधारण आठ-नऊ ग्रॅम मीठ साठलं की त्याच्यासोबत एक लिटर पाणी अडकतं. मीठ खाल्लं की तहान लागणारच, ती मनावर ताबा ठेवून मारता येत नाही, आणि मग घरचे "किती पाणी पितोस" म्हणून ओरडतात आणि तो बिचारा अपराध्यासारखा बसतो. मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी होते. फक्त कमी सोडियमवालं म्हणून मिळणारं पर्यायी मीठ वापरू नका, त्यात बऱ्याचदा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि डायलिसिसच्या पेशंटला ते जिवावर बेतू शकतं.

मग मोठा फिल्टर लावून स्पीड वाढवली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो चुकीचा पण नाही. स्पीड वाढवली, फिल्टर मोठा लावला तर युरिया खरंच लवकर उतरतो. पण त्या रंगीत कपड्याकडे परत या, वरचा रंग भराभर जातो पण जाड शिवणीत, घडीत बसलेला रंग आपल्याच गतीने बाहेर येतो, बादलीतलं पाणी कितीही वेगाने बदला. शरीरात पण कचरा फक्त रक्तात नसतो, पेशींच्या आत असतो. पोटॅशियम तर जवळजवळ सगळंच पेशींच्या आत असतं. मशीन रक्त स्वच्छ करतं, मग पेशींमधून माल रक्तात येतो, मग तो मशीन काढतं. फॉस्फरसच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त दिसतं, पहिल्या एक-दोन तासांत रक्तातला फॉस्फरस खाली येतो आणि मग तिथेच रेंगाळतो कारण आतून सावकाश येत असतो, आणि मशीन बंद केल्यावर परत वर चढतो. असं हळू बाहेर येणारं जे काही आहे त्याला स्पीडचा उपयोग फार नाही, तास लागतात.

डायलिसिस पुरेसं झालं का हे बघायला महिन्यातून एकदा वगैरे आधीचं आणि नंतरचं रक्त तपासतात. युरिया निदान ६५ टक्के उतरला पाहिजे, किंवा केटी बाय व्ही नावाचा एक आकडा काढतात तो निदान १.२ पाहिजे. हे आकडे महत्त्वाचे आहेत पण ते फक्त युरियाबद्दल बोलतात. अमेरिकेत हेमो नावाचा मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला, आठवड्यातून तीनदाच ठेवून हा आकडा आणखी वाढवला तर एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. म्हणजे रिपोर्टमध्ये १.२ आला म्हणून तीन तासांत उठून जायची सोय झाली असं नाही, पाणी आणि फॉस्फरस त्या रिपोर्टमध्ये नसतात.

शेवटच्या अर्ध्या तासात पेशंट "आता काढा" म्हणून मागे लागतात, अंग अवघडलेलं असतं, चिडचिड होते, आणि पुढच्या शिफ्टचा पेशंट बाहेर बसलेला असतो म्हणून सेंटरलाही बरंच असतं. पण दर वेळी अर्धा तास सोडला तर आठवड्याला दीड तास गेला, म्हणजे आठव्यातला एक भाग डायलिसिस झालंच नाही. आणि मुळात आठवड्याच्या १६८ तासांपैकी मिळतात बारा. लहान रेणूंच्या कचऱ्याचं बघितलं तर एवढं नीट करून पण निरोगी किडनीच्या १० ते १५ टक्के इतकंच काम होतं. त्यातून आणखी कापायला वाव नाही.

घरी आल्यावर गळून जाण्याचं पण उत्तर बरंचसं इथेच आहे, दोन दिवसांत साठलेलं चार तासांत काढलं जातं, क्षारांची पातळी झपकन बदलते, शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो. अगदी पहिल्या एक-दोन डायलिसिसला तर मुद्दाम दोन-अडीच तासच लावतात, कारण खूप साठलेला युरिया एकदम उतरवला तर मेंदूला सूज येऊ शकते. तेव्हा पहिल्या वेळी "आमचं अर्धवटच केलं" म्हणून भांडायला जाऊ नका.

हातावरची ती फुगलेली शीर

मिनिटाला ३०० मिली रक्त साध्या सलाईनच्या शिरेतून मिळत नाही. धमनीत मिळतं, पण धमनी खोल असते आणि तिला आठवड्यातून तीनदा टोचत बसता येत नाही. डायलिसिसचा इतिहास म्हणजे अर्धा या एकाच अडचणीचा इतिहास आहे. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, मांस भरायला वापरतात तसलं सेलोफेनचं आवरण लाकडी ड्रमला गुंडाळून मशीन बनवलं. सुरुवातीचे बहुतेक पेशंट दगावले, १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेतली ६७ वर्षांची एक बाई वाचली. पण त्याच्या पद्धतीत दर वेळी नवीन रक्तवाहिनी कापायला लागायची, म्हणजे थोड्याच वेळा करता यायचं आणि मग जागाच संपायची. १९६० मध्ये सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी धमनी आणि शीर यांच्यात टेफ्लॉनची नळी कायमची बसवून ठेवली आणि तिथून पुढे किडनी फेल झालेला माणूस वर्षानुवर्षं जगू लागला, त्यांचा पहिला पेशंट अकरा वर्षं जगला. मशीन मात्र इतकी कमी होती की कुणाला द्यायचं हे ठरवायला तिथे सामान्य नागरिकांची एक समिती बसायची. कुणाला जगवायचं हे मतावर ठरत होतं, आणि याला अजून शंभर वर्षं पण झाली नाहीत.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रेशिया, चिमिनो वगैरे डॉक्टरांनी फिस्टुला आणला, जो आजही सगळ्यात चांगला समजला जातो. छोट्या ऑपरेशनमध्ये हातातली धमनी शेजारच्या शिरेला जोडतात, धमनीचं जोरातलं रक्त शिरेत शिरतं आणि काही आठवड्यांत ती जाड आणि रुंद होते, मग तिच्यात दोन सुया घालता येतात, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. पिकायला सहा-आठ आठवडे, कधी कधी काही महिने लागतात आणि पहिला फिस्टुला कधी कधी फेल पण जातो. म्हणूनच आधी करून ठेवायचा असतो. पण होतं काय की "अजून डायलिसिस लागलंय कुठे, कशाला हात कापून घ्यायचा" असं म्हणत लोक टाळतात आणि मग एका रात्री दम लागून अॅडमिट होतात आणि गळ्यातल्या शिरेत नळी घालावी लागते. गळ्यातली नळी तातडीला चांगली आहे पण ती बाहेरून थेट हृदयाजवळ गेलेली असते, इन्फेक्शन सरळ रक्तात जातं. अशी नळी असताना डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप आला तर तो साधा ताप समजू नका, तिथल्या तिथे सांगा.

ज्याची शीर अगदी बारीक आहे त्याला कृत्रिम नळीचा ग्राफ्ट घालतात. आणि फिस्टुला असेल त्या हाताला रोज बोट लावून बघायचं, मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती थांबली म्हणजे आत रक्त गोठलं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, उद्यावर टाकलं तर फिस्टुला वाचवणं अवघड होत जातं. त्या हातात बीपी नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही, घट्ट घड्याळ नाही. घरी सुईच्या जागेतून रक्त यायला लागलं तर कापूस-टॉवेलचा ढीग न ठेवता नेमक्या त्या भोकावर बोटाने दाबून धरायचं आणि मदत बोलवायची.

मशीन जे करत नाही ते

मशीन एरिथ्रोपोएटिन बनवत नाही, म्हणून हिमोग्लोबिन पडतं आणि त्याची इंजेक्शनं लागतात, सोबत आयर्न. इंजेक्शनं यायच्या आधी या पेशंटना सारखं रक्त चढवावं लागायचं. मशीन व्हिटॅमिन डी कामाच्या रूपात आणत नाही, फॉस्फरस पण पुरता काढत नाही, या दोन्हीमुळे हाडं ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठतं. म्हणून फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या असतात. त्या जेवतानाच घ्यायच्या असतात कारण अन्नातला फॉस्फरस पोटातच धरायचा असतो, रात्री झोपताना आठवली म्हणून घेतली तर काही उपयोग नाही.

खाण्याचं एक सगळेच गोंधळतात. डायलिसिसच्या आधी प्रोटीन कमी खा म्हणून सांगितलेलं असतं आणि सुरू झाल्यावर तेच डॉक्टर जास्त खा म्हणतात. दोन्ही बरोबर आहे. आधी किडनीवरचा भार कमी करायचा होता, आता प्रत्येक वेळी मशीनमधून काही अमिनो आम्लं निघून जातात आणि अंगातले स्नायू झडत असतात, म्हणून दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन लागतं. जुन्या भीतीने खाणं तोडलेले पेशंट खंगत जातात आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला.

एकदा लागलं की सुटत नाही?

हे किडनी कशाने फेल झाली त्यावर आहे, डायलिसिसवर नाही. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडणं, मोठं इन्फेक्शन, सर्पदंश, काही औषधं, लघवीच्या वाटेत अडलेला खडा, अशाने किडनी अचानक बंद पडते. तेव्हा काही दिवस किंवा आठवडे डायलिसिस करतात आणि बऱ्याच जणांची किडनी परत चालू होते आणि मशीन सुटतं. वर्षानुवर्षं झिजून गेलेल्या किडनीचं तसं होत नाही. तिला डायलिसिसची सवय लागत नाही, ती आधीच गेलेली असते. "डायलिसिस टाळा, सवय लागते" या सल्ल्यावर तातडीचं डायलिसिस पुढे ढकलणारे लोक आहेत, आणि पोटॅशियम वाढलेलं असताना असं करणं म्हणजे हृदय कधीही बंद पडू शकतं, आधी काही लक्षण दिसेलच असं पण नाही.

एक आक्षेप मात्र अर्धा खरा आहे, की डायलिसिस सुरू केल्यावर लघवी कमी होत जाते. मूळ आजार पुढे जातच असतो हे एक कारण, पण बीपी वारंवार पडल्याने उरलीसुरली किडनी पण मार खाते. आणि ती उरलेली लघवी, दिवसाला अर्धा लिटर का असेना, फार मोलाची असते, तेवढं पाणी मशीनने काढायला लागत नाही. त्यामुळे डायलिसिस चालू आहे म्हणजे किडनी गेलीच आहे, आता काय, असं म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

मग रोज का नाही करत?

केलं तर फायदा होतो. २०१० मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात आठवड्यातून सहा वेळा करणाऱ्यांच्या हृदयाची स्थिती तीनदा करणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली, पण फिस्टुलाचे प्रॉब्लेम जास्त झाले. तीन वेळा हा आकडा शरीराच्या गरजेपेक्षा जागा, माणसं आणि खर्च यांच्या हिशोबातून जास्त आलाय. आणि आठवडा सात दिवसांचा असल्याने तीन डायलिसिसमध्ये एक अंतर दोन दिवसांऐवजी तीन दिवसांचं पडतं. २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की त्या लांब सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे त्रास बाकी दिवसांपेक्षा जास्त होतात. म्हणजे मीठ, पाणी, पोटॅशियम यांची काळजी एरवीपेक्षा त्या सुट्टीत जास्त घ्यायची, आणि तिला लागून असलेलं डायलिसिस तर लग्न असो की प्रवास, चुकवायचं नाही. आठवड्यातून दोनदाच करणं काही जणांना पुरतं, ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांना, पण ते लघवी तपासून ठरवायचं असतं.

काही देशांत घरी मशीन बसवून रात्री झोपेत सात-आठ तास सावकाश डायलिसिस करतात, पाणी हळू निघतं म्हणून बीपी पडत नाही आणि फॉस्फरसच्या गोळ्या बऱ्याच जणांच्या सुटतात. पोटात कायमची नळी घालून पोटाच्याच पडद्याचा फिल्टर म्हणून वापर करायचा दुसरा प्रकार म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस, तो घरी रोज करायचा असतो, सुया नाहीत, लघवी जास्त दिवस टिकते, पण स्वच्छता कडक पाळावी लागते. मशीनवरच जास्त पाणी आतबाहेर करून मोठे रेणू पण काढायची हेमोडायफिल्ट्रेशन नावाची पद्धत आहे, युरोपात झालेल्या कन्व्हिन्स अभ्यासात २०२३ मध्ये तिने मृत्यू कमी झालेले दिसले. खूप वय झालेल्या, बाकी चार आजार असलेल्या माणसाला डायलिसिसने आयुष्य फारसं वाढतही नाही आणि उरलेला वेळ ये-जा करण्यात जातो, तिथे डायलिसिस न करता औषधांवर त्रास कमी ठेवणं हा पण वैद्यकीय पर्याय आहे, तो निवडला म्हणजे उपचार सोडले असं नाही.

आणि ज्याला झेपेल त्याला ट्रान्सप्लांट. आधी डायलिसिस केलंच पाहिजे असा काही नियम नाही, दाता तयार असेल तर मशीनला न लागता थेट ट्रान्सप्लांट होऊ शकतं, मात्र तपासण्यांना महिने जातात. म्हणून ईजीएफआर २० च्या आसपास आला की डॉक्टरांकडे हा विषय काढा, त्यांनी काढायची वाट बघू नका, आणि त्याच भेटीत फिस्टुला कुठल्या हाताला करायचा तेही ठरवून घ्या म्हणजे तोपर्यंत त्या हाताच्या शिरा रक्त काढून काढून कुणी खराब करणार नाही.